विसरलेल्या पॉलिश्या, बंद पडलेली खाती आणि नौपाड्यातले क्लेमवाले काका (४ स्टार)

ठाण्याला नौपाड्यात गोखले रोडला लागून असलेल्या एका गल्लीत, जुन्या बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावर हे ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे एक खोली, दोन टेबलं, एक काका जे आयुष्यभर विमा कंपनीत क्लेमच्या टेबलावर होते आणि रिटायर झाल्यावर हेच करत बसलेत, आणि कम्प्युटरवर एक मुलगी जी खरं तर सगळं ऑफिस चालवते. जुन्या एलआयसी पॉलिश्या, वापरात नसलेली बँक खाती, विसरलेल्या एफडी, ह्यांचे पैसे घरच्यांच्या हातात पडेपर्यंतचं कागदांचं काम ते करून देतात. नाव मुद्दाम टाकत नाहीये, काकांना गर्दी नकोय असं त्यांनीच सांगितलं, आणि खरं सांगायचं तर तुमच्यातल्या निम्म्या लोकांना त्यांच्याकडे जायची गरजच पडणार नाही, ते का ते पुढे लिहिलंय.

आमची केस आधी थोडक्यात. सासरे वागळे इस्टेटमध्ये एका इंजिनिअरिंग कंपनीत होते, कंपनी १९९९ ला बंद पडली, नंतर त्यांनी छोटीमोठी कामं केली पण त्या काळातल्या कागदांकडे परत कधी बघितलंच नाही. ते गेल्यावर सासूबाईंच्या कपाटात एक प्लास्टिकची पिशवी निघाली. पगाराच्या स्लिपा, एलआयसीच्या दोन पॉलिश्यांचे नंबर लिहिलेला कागद (बाँड म्हणजे पॉलिसीचा मूळ कागद नाही, नुसते नंबर), साताऱ्याच्या युनायटेड वेस्टर्न बँकेचं पासबुक, एका सरकारी बँकेची एफडीची पावती आणि एका पतपेढीचं पासबुक. नवरा म्हणाला सोड, इतक्या वर्षांनी काय मिळणार. सासूबाई म्हणाल्या कष्टाचे आहेत, बघा तरी.

काकांकडे जायच्या आधी एक दुसरा नमुना भेटला होता त्याच्याबद्दल लिहायलाच हवं कारण असे सध्या ठाण्यात भरपूर फिरतायत. सोसायटीतल्या कोणीतरी नंबर दिला, माणूस घरी आला, छान शर्ट वगैरे, मोबाईलवर सासऱ्यांचं नाव काढून दाखवलं की बघा तुमचे पैसे दिसतायत, पण बँकेचं नाव अंगठ्याने झाकलेलं! आधी ॲग्रीमेंटवर सही करा, २० टक्के आमचे, मग सांगतो कुठे आहेत. आता गंमत अशी की तो जे दाखवत होता ते आरबीआयच्या उद्गम पोर्टलवर, म्हणजे बँकांमधल्या बेवारस ठेवी शोधायच्या साईटवर, कोणालाही फुकट दिसतं. म्हणजे आमच्याच घराचा नंबर आम्हाला सांगायचे वीस टक्के. सही केली नाही.

काकांनी पहिल्या भेटीत काय केलं तर त्यांच्या कम्प्युटरला हातच लावला नाही. माझ्या नवऱ्याला म्हणाले तुझा मोबाईल काढ, तुझ्या नंबरवर रजिस्टर कर, ओटीपी तुझ्याकडे येऊ दे, मला कशाला हवाय. इथेच मला माणूस पटला. उद्गम हे पोर्टल ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झालं, सुरुवातीला सात बँका होत्या, मार्च २०२४ पर्यंत तीस झाल्या, आणि बँकांमधल्या बेवारस ठेवींची जवळजवळ ९० टक्के रक्कम ह्या तीस बँकांमध्येच आहे असं आरबीआयनेच सांगितलेलं. खातेदाराचं नाव टाकायचं, बँक निवडायची (सगळ्या एकदमही निवडता येतात), आणि पॅन, व्होटर आयडी, लायसन्स, पासपोर्ट नाहीतर जन्मतारीख ह्यातलं एक काहीतरी. ह्यातलं काही नसेल तर पत्ता. एन्ट्री सापडली की एक रेफरन्स नंबर मिळतो, तो घेऊन त्या बँकेत जायचं. बस. पैसे तिथून मिळत नाहीत, फक्त पत्ता लागतो.

ऐकायला सोपं आहे आणि ज्यांचं नाव सरळ आहे त्यांना सोपंच आहे, पण आमच्या सासऱ्यांचं नाव दत्तात्रय. इंग्रजीत हे नाव किती प्रकारांनी लिहितात ते आम्हाला त्या दिवशी कळलं, शेवटी ए आहे की नाही, वाय आहे की आय, कुठे नुसतं डी. आणि वडिलांचं नाव, कुठे आडनाव आधी. आम्ही घरी आमच्या स्पेलिंगने शोधलेलं तेव्हा काही आलं नव्हतं. काकांनी पासबुकवर क्लार्कने हाताने जसं लिहिलंय अगदी तसंच टाकायला सांगितलं, चुकीच्या स्पेलिंगसकट, आणि पॅनच्या जागी पत्ता, कारण त्या जमान्यातल्या खात्याला पॅन कुठून असणार. आलं.

पण त्यांनी लगेच हेही सांगितलं की उद्गमवर नाव आलं नाही म्हणजे पैसे नाहीत असं समजू नका. दोन वर्षं खातेदाराने स्वतः काही व्यवहार केला नाही की खातं इनऑपरेटिव्ह होतं, आणि दहा वर्षं झाली की रक्कम आरबीआयच्या डीईए फंडात (बेवारस ठेवी ठेवायचा फंड) जाते, पोर्टलवर दिसतं ते हे दहा वर्षांवालं. म्हणजे वडील चार वर्षांपूर्वी गेले आणि तेव्हापासून खातं पडून आहे तर ते तिथे दिसणारच नाही, त्यासाठी थेट बँकेतच जावं लागतं. आमच्या शेजारच्या काकू पोर्टलवर बघून "नाही आमचं काही" म्हणून मोकळ्या झाल्या होत्या, त्यांना मी हे सांगितलं तेव्हा कुठे त्या ब्रांचमध्ये गेल्या.

दुसरी भानगड बँकांच्या मर्जरची. काकांच्या टेबलावर काचेखाली एक हाताने लिहिलेली यादी आहे, मला ती फार आवडली. युनायटेड वेस्टर्न २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये गेली. देना आणि विजया १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात. सिंडिकेट कॅनरात, अलाहाबाद इंडियन बँकेत, आंध्रा आणि कॉर्पोरेशन युनियन बँकेत, ओरिएंटल आणि युनायटेड बँक ऑफ इंडिया पंजाब नॅशनलमध्ये, हे सगळं १ एप्रिल २०२० ला. आमच्या पिढीला हे आठवतं तरी, मुलांना सिंडिकेट बँकेचं पासबुक सापडलं तर ती बँक बुडाली समजून रद्दीत टाकतील. आमचं साताऱ्याचं खातं आयडीबीआयमध्ये निघालं, अर्ज ठाण्यातच दिला, साताऱ्याला जावं लागलं नाही. डीईए फंडात गेलेले पैसे बँकच आधी आपल्याला देते आणि नंतर आरबीआयकडून वसूल करते, आपण आरबीआयकडे जायचं नसतं. (एक ओळखीचे गृहस्थ ह्याच कामासाठी बेलापूरच्या आरबीआय ऑफिसला जाऊन आले, गेटवरूनच बँकेत जा म्हणून सांगितलं.) व्याज खूप नसतं, फंडात गेल्यानंतरच्या काळाचं मे २०२१ पासून ३ टक्के आणि तेही साधं, पण मिळतं.

पॉलिसीचं प्रकरण मात्र मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटलं. सासऱ्यांच्या दोन्ही पॉलिश्या सॅलरी सेव्हिंगवाल्या, म्हणजे हप्ता पगारातून कापून कंपनीच एलआयसीला भरणार. ठाणे-बेलापूर रोड, वागळे, कळवा, ह्या पट्ट्यात ज्यांच्या घरात कोणी कारखान्यात होतं त्यांच्याकडे अशी एखादी पॉलिसी असतेच, आणि कंपनी बंद पडली की हप्ता बंद, आणि मग घरोघरी एकच समजूत की हप्ते थांबले, पॉलिसी बुडाली. काका म्हणाले ह्या एका समजुतीपायी लोकांनी जेवढे पैसे सोडलेत तेवढे कोणी चोरलेही नसतील. त्या काळच्या साध्या पॉलिसीत तीन वर्षांचे हप्ते पूर्ण भरलेले असतील तर ती पेडअप होते, मरत नाही. विमा रक्कम कमी होते, जितके हप्ते भरले त्या प्रमाणात, आणि तोपर्यंत जमलेला बोनस त्याच्यात मिळतो, पण हे पैसे मॅच्युरिटीच्या तारखेला मिळतात, म्हणून मधल्या काळात कोणाला आठवण राहत नाही.

आमची पहिली पॉलिसी १९८८ ची, ५०,००० ची, २५ वर्षांची, हप्ते ११ वर्षं भरलेले. म्हणजे ५०,००० भागिले २५ गुणिले ११, २२,००० पेडअप, अधिक अकरा वर्षांचा बोनस. मॅच्युरिटी २०१३ ला झालेली, तेव्हा सासरे होते, पत्ता जुन्या चाळीचा होता, चाळ पडून तिथे टॉवर झालेला, पत्र आलं असेल तर कुठे गेलं देव जाणे. दुसरी पॉलिसी १९९७ ची, तिला तीन वर्षं पूर्ण झालीच नव्हती, तिच्यात काहीच नाही. हे काकांनी कागद बघून पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं, त्या दुसऱ्या पॉलिसीवर फी लावता आली असती, लावली नाही.

ह्यात एक किडा होता. पगाराच्या स्लिपवर शेवटच्या काही महिन्यांचे हप्ते कापलेले दिसत होते पण कंपनीने ते पुढे भरलेच नव्हते. एलआयसीवाले ह्याला गॅप म्हणतात. म्हणून स्लिपा लागतात, कोणाच्या घरी जुन्या पगाराच्या स्लिपा असतील तर प्लीज रद्दीत देऊ नका. आम्हाला त्या महिन्यांचं काय झालं ते लिहीत नाही, कंपनीच राहिली नाही तर भांडणार कोणाशी.

विम्याचे पैसे कुठे शोधायचे तेही लिहून ठेवते. प्रत्येक विमा कंपनीला हजार रुपये किंवा जास्त पडून असतील तर ते वेबसाईटवर शोधता येतील अशी सोय ठेवावीच लागते, आयआरडीएआयचा (विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) नियम आहे. एलआयसीच्या साईटवर नाव आणि जन्मतारीख टाकून बघता येतं, पॉलिसी नंबर असला तर उत्तम. आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवरूनही सगळ्या कंपन्यांच्या त्या पानांवर जाता येतं. दहा वर्षं कोणी मागितले नाहीत तर ही रक्कम सरकारच्या सीनियर सिटिझन्स वेल्फेअर फंडात जाते, पण तिथून पुढे २५ वर्षं क्लेम करता येतो, आणि करायचा त्याच विमा कंपनीकडे. आमची रक्कम तिकडेच गेलेली. मुदत अजून संपलेली नसेल अशी पेडअप पॉलिसी ह्या यादीत येणार नाही, त्यासाठी ब्रांचमध्येच चौकशी करावी लागते, हे मला आधी माहीत नव्हतं आणि कुठल्या व्हिडिओतही कोणी सांगत नाही.

एफडीच्या पावतीने मात्र घाम काढला. बँकेचं नाव लिहीत नाही. पहिल्यांदा सांगितलं ही ब्रांच बंद झाली. मग म्हणे सिस्टीममध्ये नाही. मग सापडली तर म्हणे वारसांचा सक्सेशन सर्टिफिकेट आणा कोर्टातून, अहो एवढ्या रकमेसाठी वकिलाची फी जास्त होईल! इथे काकांचा खरा उपयोग झाला. आरबीआयने २०२५ मध्ये मृत खातेदारांच्या क्लेमबद्दल नवीन नियम काढलेत, ३१ मार्च २०२६ च्या आत सगळ्या बँकांनी लागू करायचे, त्यात नॉमिनी नसला तरी मोठ्या बँकांत १५ लाखांपर्यंत (सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत) असं कोर्टाचं सर्टिफिकेट मागायचं नाही, वारसांचे साधे कागद, इंडेम्निटी बाँड (उद्या दुसऱ्या कोणी हक्क सांगितला तर भरपाई आम्ही देऊ असं लिहून द्यायचं) आणि बाकीच्या वारसांची ना हरकत एवढ्यावर द्यायचं, आणि कागद पूर्ण मिळाल्यापासून १५ दिवसांत. काकांनी ते पान प्रिंट काढून दिलं, दोन ओळी पिवळ्या केल्या आणि म्हणाले मॅनेजरशी भांडू नका, नुसतं टेबलावर ठेवा आणि लेखी उत्तर मागा. तसंच केलं. मॅनेजरने पान वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत वाचलं आणि क्लार्कला हाक मारली. एफडीवर मुदतीनंतरचं व्याज सेव्हिंगच्या दराने किंवा एफडीच्या दराने, दोन्हींतलं जे कमी ते, त्यामुळे फार काही फुगली नव्हती रक्कम.

नणंद पुण्यात असते, तिची ना हरकत लागली, तिने सही आनंदाने केली पण पावती बघून म्हणाली बाबांनी ही एफडी माझ्या लग्नासाठी केली होती. नवरा गप्प. मग सासूबाईंनी काय ठरवलं ते घरचं आहे, इथे नाही लिहीत.

आता पैशांचं. काकांची फी ठरलेली आहे, पहिल्या भेटीचे ५०० आणि प्रत्येक क्लेमचे ३,०००, रक्कम कितीही असो. क्लेमचे अर्धे सुरुवातीला, अर्धे पैसे खात्यात आल्यावर. ह्याच्यावर मी खूप विचार केला कारण आमच्या साताऱ्याच्या खात्यात सगळे मिळून अकरा हजारांच्या आसपास निघाले, त्यावर तीन हजार म्हणजे त्या वीस टक्केवाल्यापेक्षाही जास्त झाले की. हे काकांना तोंडावर विचारलं तर म्हणाले म्हणूनच सांगतोय साताऱ्याचं तुम्ही स्वतः करा, सोपं आहे, फॉर्म मी दाखवतो. केलं आम्हीच. त्यांनी पॉलिसी आणि एफडी ह्या दोनच कामांचे पैसे घेतले. वरचा खर्च वेगळा, इंडेम्निटी बाँडला ५०० चा स्टॅम्प पेपर लागतो कारण महाराष्ट्रात १०० चा स्टॅम्प पेपर ह्या कामांना आता चालत नाही, नोटरी, झेरॉक्स, सासऱ्यांच्या मृत्यूच्या दाखल्याच्या कॉप्या.

माझं मत असं झालंय की शोधायचे पैसे कोणालाही एक रुपया देऊ नका, शोधणं फुकट आहे. कागदांच्या कामाचे द्यायचे तर द्या पण ठरवून द्या, टक्क्यांत नाही. आणि बंद पडलेलं खातं परत चालू करायला बँक चार्ज मागत असेल तर देऊ नका, आरबीआयने १ एप्रिल २०२४ पासून ते बंद केलंय, मिनिमम बॅलन्सचा दंडही अशा खात्यावर लावता येत नाही.

आता एक स्टार का कापला ते. काका फोन उचलत नाहीत. मुलगी व्हॉट्सॲपवर उत्तर देते पण संध्याकाळी, आणि तेही "हो" किंवा "बघते". पावती देतात ती साध्या कागदावर, शिक्का मारून, मला पक्कं बिल हवं होतं. जिना अरुंद आणि अंधारा आहे, लिफ्ट नाही, सासूबाईंना गुडघ्यांमुळे वर नेता आलंच नाही, मग मुलगी खाली येऊन गाडीत बसून सह्या घेऊन गेली हे खरं पण ज्यांचं हे काम असतं ते बहुतेक म्हातारेच असतात ना, तळमजल्यावर टेबल टाकायला काय हरकत आहे. आणि काका बोलतात फार. १९८० च्या दशकातल्या संपापासून सुरू होतात. तुम्ही ऑफिसला हाफ डे टाकून आला असाल तर कपाळाला हात.

जे करत नाहीत ते स्पष्ट सांगतात, हे चांगलं. शेअर्सचं काम घेत नाहीत, सात वर्षं डिव्हिडंड न घेतलेले शेअर्स आयईपीएफ नावाच्या सरकारी फंडात जातात, त्याचा आयईपीएफ-५ फॉर्म भरायचा असतो आणि ते किचकट आहे, त्यासाठी एका सीएकडे पाठवतात. जुन्या म्युच्युअल फंडांसाठी सेबीचं मित्र नावाचं सर्च आहे, २०२५ मध्ये आलं, ते घरीच बघा म्हणाले. पीएफसाठी वागळेच्या पीएफ ऑफिसचा रस्ता दाखवतात. आमच्या पतपेढीच्या पासबुकाचं काही झालं नाही. पतपेढी ही बँक नाही, आरबीआयच्या खाली येत नाही, त्यामुळे उद्गमवर नाही आणि पाच लाखांचं जे ठेव विम्याचं संरक्षण बँकेला असतं तेही तिला नाही. ती पतपेढी कधीच गुंडाळलेली, काकांनी सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे अर्ज लिहून दिला, फी घेतली नाही, आणि आशा ठेवू नका असंही सांगितलं.

फोन येतात त्याबद्दल एक. आमचा क्लेम चालू असतानाच कोणीतरी फोन करून "आयआरडीएआयमधून बोलतोय, तुमच्या सासऱ्यांच्या पॉलिसीचा बोनस मंजूर झालाय, आधी टॅक्स भरा" म्हणून सांगत होतं. आयआरडीएआय असले फोन करत नाही, बोनस जाहीर करत नाही. काकांच्या ऑफिसातल्या मुलीला सांगितलं तर म्हणाली हे आमच्या प्रत्येक क्लायंटला येतात, कट करा.

कोणी जावं? ज्यांचा बाँड हरवलाय, नाव जुळत नाही, वारस तीन गावांत आहेत, बँक दारात उभं करत नाही, त्यांनी. ज्यांच्याकडे पासबुक आहे, नॉमिनी आहे आणि थोडा वेळ आहे त्यांनी उगाच जाऊ नका, अर्ज, केवायसी, मृत्यूचा दाखला घेऊन सरळ ब्रांच गाठा.

जाणार असाल तर सकाळी अकराच्या आधी जा, नंतर काका बँकांच्या फेऱ्यांना निघतात. शनिवारी अर्धा दिवस. ओरिजिनल कागद तिथे ठेवून यायचे नाहीत, ते स्वतःच ठेवून घेत नाहीत, समोरच झेरॉक्स आहे. गाडी गोखले रोडवर लावायच्या फंदात पडू नका, टोईंगवाले फिरत असतात, स्टेशनवरून चालत या.